चाक भावोजींच्या हातात, सही तुमची

पत्र थोडक्यात: कोथरूडच्या एका वाचक भगिनींनी लिहिलंय. मे महिन्यात त्या, त्यांचे यजमान, मोठी बहीण, भावोजी आणि भाचा असे पाच जण इटलीला गेले होते. फ्लोरेन्सच्या विमानतळावर नऊ दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली. बुकिंग यांच्या नावाने, क्रेडिट कार्डही यांचंच. भावोजींनीसुद्धा संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, पण काउंटरवर दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे दहा युरो ऐकल्यावर सगळ्यांचं एकमत झालं, ‘कशाला उगाच? तूच तर चालवणार आहेस.’

सिएना मागे टाकल्यावर एका खेड्यात भावोजी म्हणाले, ‘दे गं जरा, मीही बघतो.’ दोन्ही बाजूंना दगडी भिंती, समोरून एक व्हॅन आली, गाडी उजवीकडे घेतली आणि भिंतीला घासत गेली. उजवीकडच्या दोन्ही दारांवर लांबलचक ओरखडा, मागच्या दाराला पोचा, पुढचा रिम खरवडलेला. भावोजी तिथेच म्हणाले, ‘घाबरू नकोस, तूच चालवत होतीस असं सांग, इन्शुरन्स देईल.’ गाडी परत करताना तिथल्या माणसाने फोटो काढले, कागदावर नोंद करून सही घेतली. पुण्यात आल्यावर तीन आठवड्यांनी कार्डावरून 1,215 युरो कापले गेले. दारांचे 790, रिमचे 190, गाडी तीन दिवस बंद राहिली त्याचे 165 आणि हाताळणी शुल्क 70. सोबत एक फॉर्म: अपघात कधी, कसा, गाडी कोण चालवत होतं. वेबसाइटवरून वेगळी घेतलेली विमा पॉलिसी आहे, तिच्या दाव्याच्या फॉर्मातही हाच प्रश्न.

त्या विचारतात: भावोजींकडे पैसे मागू का? यजमान म्हणतात, नात्यात पैसा आणू नकोस. की फॉर्मात माझंच नाव लिहू? की बँकेला सांगून हा व्यवहार रद्द करून घेऊ? शेवटी लिहितात, ‘इतकं होऊन भावोजींनी एका शब्दाने विचारू नये, याचं पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.’

---

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. पत्र दोनदा वाचलं. त्या बिलाचा ईमेल तुमच्या ताईंना किंवा भावोजींना दाखवल्याचा उल्लेख मला कुठेही सापडला नाही. पैसे कापले गेल्याचं तुमच्या यजमानांना माहीत आहे, मला माहीत आहे. भावोजींना माहीत आहे का? त्यांच्या डोक्यात हे प्रकरण त्या खेड्यातच मिटलंय. ‘इन्शुरन्स देईल’ म्हणाले, तुम्ही मान डोलावली असणार, मग पुढे सगळे जेवायला गेले असतील. ते गप्प आहेत ते टाळायचंय म्हणून, हा तुमचा अंदाज आहे. खरा असेलही. पण सव्वा लाखाचा आकडा कानावरच पडला नसेल तर माणूस विचारणार तरी काय? तेव्हा त्यांच्यावर रागवायचं असेल तर आधी आकडा सांगा, मग त्यांचं वागणं बघा आणि मग खुशाल रागवा.

आता फॉर्म. इथे दोन हिशेब एकमेकांत गुंतलेत, ते आधी सुटे करू. एक हिशेब तुमचा आणि गाडीच्या कंपनीचा. तिला ताई, भावोजी, भाचा कुणी ठाऊक नाही. करारावर सही तुमची, म्हणून देणं तुमचं. दुसरा हिशेब तुमच्या दोन घरांमधला. फॉर्मात खोटं नाव लिहायचा मोह होतो तो दुसरा हिशेब टाळता यावा म्हणून. विमा कंपनीने पैसे दिले की भावोजींशी अवघड बोलणं करावं लागणार नाही, असा तो सोपा रस्ता आहे.

तो घेऊ नका. त्यात नीतीचा भाग आहेच, पण आधी नुसता व्यवहार बघा. तुम्ही लिहिलंय की करारात तुमच्यावर येऊ शकणाऱ्या नुकसानीची मर्यादा 1,600 युरो होती. त्याच्या वरचं नुकसान कंपनी सोसणार, खालचं तुम्ही. बिल आलंय 1,215 चं, म्हणजे मर्यादेच्या आतलं. गाडी तुम्ही चालवत असता तरी हेच बिल आलं असतं! गाडीच्या कंपनीला खोटं सांगून या बिलातला एक युरोही वाचत नाही. खरं सांगितलं तर मात्र करारात नसलेल्या ड्रायव्हरबद्दल वेगळा दंड लागू शकतो. तो आहे का आणि किती, हे कराराच्या अटींत लिहिलेलं असतं, आधी शोधून वाचा. नशीब एवढंच की पोचा दारालाच आला. हीच धडक मोठी असती, गाडीला दहा-बारा हजार युरोंचं काम निघालं असतं, तर ‘करारात नसलेला माणूस चालवत होता’ एवढ्या एका कारणावर ती 1,600 ची मर्यादाच उडाली असती आणि सगळं बिल तुमच्या नावावर आलं असतं.

खोट्या नावावर पैसे मिळालेच तर फक्त त्या वेगळ्या पॉलिसीतून मिळतील, आणि तिला खोटी माहिती देऊन पैसे घेणं म्हणजे सरळ सरळ विम्याची फसवणूक. ‘कुणाला कळणार?’ असं वाटत असेल, तर ताईंचं त्या दिवसाचं व्हॉट्सॲप स्टेटस आठवा. तुम्हीच लिहिलंय: भावोजी डावीकडच्या स्टिअरिंगवर, गॉगल लावून, खाली ‘टस्कनीत आमचे सारथी’. अर्ध्या कोथरूडने पाहिलं असेल ते.

पॉलिसीची कागदपत्रं मात्र नीट वाचा. बहुतेक अशा पॉलिसींत ‘भाडेकरारात नाव असलेला चालक’ अशी अट असते. तशी असेल तर दावा करू नका. शब्द मोघम असतील तर खरी हकिगत लिहून दावा टाका, नाही म्हणाले तर म्हणाले. आणखी एक कलम बघा: पॉलिसी घेणाऱ्याने कुठल्या देशात राहायला हवं. स्वस्तातल्या अशा बऱ्याच पॉलिसी ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्यांसाठीच असतात. वेबसाइट पैसे घेताना अडवत नाही, दावा करताना पत्ता विचारते.

तुम्ही लिहिता, ‘मी फुल इन्शुरन्स घेतला होता, तरी फसवलं.’ हा राग मला समजतो, कारण आपल्या सवयी पुण्यातल्या गाडीवर घडलेल्या असतात. आपल्याकडे बहुतेक खासगी गाड्यांच्या पॉलिसीत मालकाच्या संमतीने, वैध परवाना असलेला कुणीही गाडी चालवू शकतो. भाऊ नेतो, भाचा नेतो, सोसायटीतला मित्र स्टेशनवर सोडायला नेतो. चावी देताना आपण पॉलिसी आठवत नाही, आठवायची गरजही नसते. शिवाय दाव्यात आपल्या खिशातून सक्तीने जाणारी रक्कम लहान गाडीला 1,000 रुपये आणि दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला 2,000. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर, घेतलेलं असलं की आपण निर्धास्त. ओरखडा किरकोळ असेल तर विम्यापर्यंत जातच नाही, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे टचअप करून मोकळे होतो.

भाड्याच्या गाडीचं गणित निराळं. इटलीत भाड्यातच जी नुकसानमाफी धरलेली असते, ती विमा कमी आणि कंपनीने दिलेली सवलत जास्त: अमुक रकमेच्या वरचं आम्ही तुमच्याकडे मागणार नाही. ती अमुक रक्कम रुपयांत लाख-दीड लाख सहज होते, आणि सवलत करारात नाव असलेल्या ड्रायव्हरपुरतीच असते. टायर, रिम, काचा, छत, गाडीचा खालचा भाग हे बहुतेक वेळा तिच्या बाहेर. काउंटरवर जास्तीचे पैसे भरले की ती रक्कम शून्यावर येते, पण तिथेही रिम आणि काचा आल्या का, हे विचारावं लागतं. तुम्ही वेबसाइटवरून घेतलेली पॉलिसी तिसऱ्याच कंपनीची. गाडीची कंपनी तिला ओळखतही नाही. ती आधी तुमच्याकडून पैसे घेणार, मग तुम्ही पावत्या जोडून त्या तिसऱ्यांकडे मागणार. तुमच्या बाबतीत इथवर सगळं कराराप्रमाणेच चाललंय. फसवणूक म्हणता येईल असं मला काही दिसत नाही.

म्हणजे बिल निमूट भरायचं? नाही. नुकसान मान्य करणं वेगळं आणि रक्कम मान्य करणं वेगळं.

भाच्याने रीलसाठी काढलेला व्हिडिओ तुम्ही पत्रात जाता जाता सांगितलाय, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विमानतळाच्या पार्किंगमध्ये, गाडी ताब्यात घेतल्या घेतल्या, गाडीभोवती एक चक्कर. पुढच्या उजव्या रिमवर आधीचा ओरखडा दिसतो ‘असं वाटतं’, असं तुम्ही लिहिलंय. तो व्हिडिओ लॅपटॉपवर, थांबवत थांबवत बघा. खरंच दिसत असेल तर तेवढा फोटो काढून ठेवा, आणि भाच्याला सांगा की मूळ फाइल फोनमधून उडवू नकोस. इन्स्टावर टाकलेल्या रीलमधून तारीख-वेळ सिद्ध होत नाही, मूळ फाइलमध्ये ती असते. मग गाडी घेतानाचा कागद काढा, ज्यावर गाडीचं चित्र आणि आधीच्या खुणांच्या फुल्या असतात. रिमवर फुली असेल तर 190 युरो तिथेच सुटले. नसेल तर तुमचा व्हिडिओ आहे.

कंपनीला ईमेल करा. छोटा, चिडचिड न करता. गाडी देतानाचे आणि परत घेतानाचे तारखेसह फोटो मागा. दारांचे 790 युरो प्रत्यक्ष दुरुस्तीचे आहेत की ठरलेल्या दरपत्रकातले, तो कागद मागा. गाडी तीन दिवस बंद होती याचा आधार मागा. ओरखडे असलेली गाडी पुष्कळदा तशीच पुढच्या माणसाला जाते, आणि तशी गेली असेल तर बंद राहिल्याचे 165 युरो कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एक जुना संदर्भही उपयोगी पडेल. 2015 मध्ये भाड्याच्या गाड्यांच्या पाच मोठ्या कंपन्यांनी युरोपीय आयोग आणि तिथल्या ग्राहक यंत्रणांपुढे कबूल केलं होतं, की नुकसानीचे पैसे कापण्याआधी ग्राहकाला हरकत घ्यायला वाजवी संधी देऊ. तुमची कंपनी त्या पाचांतली असेल तर ईमेलमध्ये याचा उल्लेख जरूर करा. तुमच्याकडे फॉर्म पोचला तो पैसे कापल्यावर.

हाताळणी शुल्काचे 70 युरो करारात लिहिलेले असतील तर सोडून द्या. त्यामागे लागून वेळ जाईल.

बँकेच्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, पण ते चोरून झालेल्या व्यवहारांसाठी. तुम्ही करारावर सही करताना नुकसान झाल्यास कार्डावरून वसुलीला परवानगी दिलेली आहे. तेव्हा ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं बँकेला कळवू नका, ते खोटं ठरेल. कंपनीने कागद दिलेच नाहीत, किंवा रिमचा पुरावा बघूनही दाद दिली नाही, तर मात्र तेवढ्याच रकमेपुरता वाद कार्डाच्या बँकेकडे जरूर नोंदवा, सगळा पत्रव्यवहार जोडून. याला मुदत असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत महिने घालवू नका. स्टेटमेंट बघताना परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्कही दिसेल. बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. सव्वा लाखावर तो जवळजवळ पाच हजार होतो. दोन घरांच्या हिशेबात ही रक्कमही धरा, नुसते युरो गुणिले गूगलचा दर असं करू नका.

आता तो दुसरा हिशेब. ‘चालवत ते होते, म्हणून भरायचे त्यांनी’ हा तुमचा विचार मला अर्धाच पटतो. रोजचे दहा युरो वाचवायचे, हे काउंटरवर पाचही जणांनी ठरवलं. ती बचत दोन्ही घरांच्या खिशात गेली. नंतर चावी मागितली त्यांनी, दिली तुम्ही. करार तुम्ही वाचलेला होता, त्यांनी नव्हता. आणि उजवीकडे बसून आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला डावीकडे बसल्यावर गाडीची उजवी कड किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. हे तिकडे पहिल्यांदा चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं, तुमचंही पहिल्या दिवशी थोडंफार झालं असेल. बेफिकिरी म्हणावी असं त्यांनी काही केल्याचं तुमच्या पत्रात तरी नाही.

यजमानांचं ‘नात्यात पैसा आणू नकोस’ हेही मला पटत नाही. पैसा नात्यात आधीच आलेला आहे, तुमच्या मनात रोज त्याचा हिशेब चालू आहे. न बोलता सोडून दिलेत तर पुढच्या दिवाळीत भावोजी काहीतरी साधं बोलतील आणि तुम्हाला हे 1,215 युरो आठवतील. ताई मग मध्ये सापडतील.

माझा सल्ला असा: हा सहलीचा खर्च समजा. विमान, हॉटेल, टोल, पेट्रोल यांचा हिशेब दोन घरांत जसा वाटला होता, तसाच हाही वाटा. भावोजी स्वतःहून ‘सगळे मी देतो’ म्हणाले तर पुण्याच्या रीतीप्रमाणे एकदा नको म्हणा आणि दुसऱ्यांदा म्हणाले तर अर्ध्यावर या. सगळं त्यांच्यावर टाकलंत तर ते आयुष्यभर तुमच्या गाडीत पुढे बसणार नाहीत. कंपनीकडून काही परत आलं तर तेही त्याच प्रमाणात दोघांकडे.

हे सांगायचं कसं? ताईंच्या मार्फत नको. फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको. आईकडच्या रविवारच्या जेवणातही नको, तिथे विषय निघाला की मावशीपासून सगळे न्यायाधीश होतात. भावोजींना फोन करा, एकट्यांना. आधी बिल आणि कंपनीला लिहिलेला ईमेल पाठवा, मग बोला. असं काहीसं: ‘भावोजी, इन्शुरन्समध्ये हे बसत नाहीये, तुमचं नाव करारात नव्हतं म्हणून. मी फॉर्मात खरं तेच लिहितेय. रिमचे पैसे परत मिळतील असं वाटतंय. बाकीचं आपण सहलीच्या हिशेबात घालू या का?’ त्यांना सवय आहे तुम्हाला ‘गं’ म्हणून बोलायची, ते कदाचित थट्टेवारी नेतील. नेऊ द्या. थट्टा संपली की हाच प्रश्न पुन्हा विचारा. त्यांची अडचण असेल, एवढी रक्कम एकदम जमत नसेल, तर तेही या फोनवरच कळेल आणि मग किती सोडायचं ते तुम्ही ठरवू शकाल. सोडलेत तर तुमच्या यजमानांना सांगून सोडा आणि पुन्हा काढू नका.

सुट्टीत निघणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी थोडं. सगळे नियम मी इथे मांडत बसत नाही, करार देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतो. पण चाकाला हात लावण्याची ज्याला जराही शक्यता आहे, त्याचं नाव करारात घालाच. प्रवास सुरू झाल्यावर मन बदललं तरी बहुतेक ठिकाणी वाटेतल्या शाखेत जाऊन नाव वाढवता येतं. मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड आणि त्यावर अनामत अडकून राहील एवढी शिल्लक मर्यादा हवी, डेबिट कार्डावर पुष्कळ ठिकाणी गाडीच देत नाहीत. कार्ड मशीनवर ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरो. गाडी घेताना व्हिडिओ काढा, चारही रिम आणि छत धरून, आणि परत करताना कार्यालय उघडं असेल अशा वेळी जा. रात्री चावी पेटीत टाकून विमान पकडलंत तर सकाळी कुणीतरी गाडी बघेल तेव्हा तुम्ही आकाशात असाल.

कुठल्या रस्त्यावर न्यायची नाही, हेही वाचा. न्यूझीलंडला क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड बहुतेक करारांत बाद असतो. त्या रस्त्यावर काही झालं तर कसलीच माफी लागू नाही. आइसलँडमध्ये वाळूच्या वादळाने रंग खरवडला, किंवा वाऱ्याने दार उलटं वाकलं, तर ते साध्या माफीत बसत नाही. तिथे वाऱ्यात दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, हे गाडी देणारेच सांगतात.

आणि कोथरूडच्या भगिनी, तुम्ही पत्रात लिहिलंय की सिएनात हॉटेल शोधताना ‘जुन्या गावात दोन फेऱ्या झाल्या’. इटलीतल्या जुन्या गावांच्या आत मर्यादित वाहतुकीचे भाग असतात, झेडटीएल म्हणतात, आणि वेशीवरचा कॅमेरा नंबर टिपतो. परदेशी पत्त्यावर दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यात 360 दिवसांपर्यंत मुदत आहे. त्याआधी गाडीची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचं शुल्क वेगळं कापते. कार्डावर तीस-चाळीस युरोंची अनोळखी नोंद दिसली तर ती बहुधा तीच. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत दंड भरला तर 30 टक्के सवलत मिळते, तेव्हा पाकीट आलं की टीव्हीवर ठेवून विसरू नका. हॉटेल झेडटीएलच्या आत होतं आणि त्यांनी तुमच्या गाडीचा नंबर पालिकेला कळवला होता असं निघालं तर दंड टळूही शकतो, म्हणून आजच हॉटेलला ईमेल करून विचारून ठेवा. सिएनाच्या त्या फेऱ्यांत चाकावर तुम्ही होतात की भावोजी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कुणीही असो, तो दंड आला तर सहलीच्या हिशेबातच घाला.